चुकून घेतलेला घोट

३ फेब्रुवारी २०२१. मुंबई महापालिकेच्या शिक्षण विभागाचा अर्थसंकल्प मांडायची वेळ झाली होती. घसा ओला करावा म्हणून सहआयुक्तांनी समोरची बाटली तोंडाला लावली आणि पुढच्याच क्षणी त्यांचा चेहरा पार बदलला. बाटलीत पाणी नव्हतं, सॅनिटायझर होतं. त्यांनी चूळ भरली, थोड्या वेळाने परत येऊन काम पुढे चालू केलं. हा सगळा प्रकार कॅमेऱ्यात टिपला गेला आणि दोन दिवस लोकांची करमणूक झाली. पाण्याची आणि सॅनिटायझरची बाटली दिसायला सारखीच होती, असं त्यांनी नंतर सांगितलं. ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं, कारण तीनच दिवस आधी, ३१ जानेवारीच्या रविवारी, यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातल्या एका गावात पल्स पोलिओच्या बूथवर बारा मुलांच्या तोंडात लशीऐवजी सॅनिटायझरचे थेंब गेले होते. सगळी मुलं पाच वर्षांखालची. त्यांना यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात दाखल केलं, देखरेखीखाली ठेवलं आणि सगळी सुखरूप राहिली.

दोन्ही घटनांत माणसं वाचली ती दैव बलवत्तर म्हणून नाही, प्रमाणामुळे. पोलिओचा डोस दोन थेंबांचा असतो, म्हणजे साधारण एका मिलिलिटरचा दहावा भाग. आणि मुंबईतल्या साहेबांनी घोट पोटात जाऊ न देता तोंडातून बाहेर टाकला. विषशास्त्राचं सगळ्यांत जुनं सूत्र हेच आहे की विष ठरतं ते मात्रेवरून. घरात असा प्रसंग आला की पहिला प्रश्न ‘काय प्यायलं?’ हा, आणि त्याच्याच पाठोपाठ ‘किती?’ हा. पण आपल्याकडे हे दोन्ही प्रश्न विचारण्याआधीच कुणीतरी मिठाचं पाणी कालवायला घेतलेलं असतं.

‘किती’चा अंदाज बांधायला एक आधार आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत दोन संशोधकांनी माणसाचा एक घोट केवढा असतो हे चक्क मोजलं. लहान मुलाचा घोट साडेचार मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे चहाच्या एका चमच्याएवढा निघाला. मोठ्या पुरुषाचा साधारण एकवीस. त्यामुळे ‘बाळाने बाटली तोंडाला लावली’ एवढंच कळलं असेल तर डॉक्टर चमचा-दोन चमच्यांचा हिशेब धरतात. पाच मिली डेटॉल आणि पाच मिली संडास साफ करायचं ॲसिड यांत अर्थात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सॅनिटायझरच्या बाबतीत हा चमचाभर हिशेब करून पाहण्यासारखा आहे. सत्तर टक्क्यांच्या सॅनिटायझरच्या एका चमच्यात साडेतीन मिली अल्कोहोल, वजनात पावणेतीन ग्रॅमच्या आसपास. दहा किलोच्या मुलाच्या शरीरातल्या पाण्यात ते पसरलं, की रक्तातलं प्रमाण दर १०० मिलीला ४० मिलिग्रॅमच्या घरात जाऊ शकतं. आपल्या मोटार वाहन कायद्यात दारू पिऊन गाडी चालवल्याचा गुन्हा ३० मिलिग्रॅमच्या वर गेल्यावर धरतात. म्हणजे वर्षाचं पोर एका चमच्यात कायद्याच्या भाषेत ‘प्यायलेलं’ ठरेल. मोठ्या माणसाला तेवढ्याने काहीच होणार नाही. लहान मुलाची अडचण वेगळी असते. त्याच्या यकृतात साखरेचा साठा तोकडा, आणि अल्कोहोल नवी साखर तयार होऊ देत नाही. मूल नुसतं झोपाळलंय असं वाटत असताना रक्तातली साखर घसरत असते, आणि ती फार घसरली तर झटके येतात. म्हणून सॅनिटायझर किंवा स्पिरिट प्यायलेलं मूल पेंगुळलं तर ‘झोपू दे बिचाऱ्याला’ म्हणून चालत नाही.

आता घरातल्या फडताळाकडे वळू. भारतात मिळणाऱ्या डेटॉलच्या बाटलीवर क्लोरोझायलेनॉल ४.८ टक्के असं लिहिलेलं असतं. जंतू मारतं ते मुख्यतः हे. पण त्याच बाटलीत नऊ टक्के टर्पिनिऑल असतं, तो ओळखीचा झाडपाल्यासारखा वास त्याचा, आणि तेरा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल. शिवाय हे सगळं पाण्यात मिसळावं म्हणून साबण. सॅव्हलॉनचा घाट निराळा आहे. त्यात क्लोरहेक्झिडीन ०.३ टक्के आणि सेट्रिमाइड ३ टक्के. क्लोरहेक्झिडीन आतड्यातून रक्तात फारसं उतरत नाही. सेट्रिमाइड हे फेस आणणारं द्रव्य, बाटलीतल्या प्रमाणात ते तोंड-घसा चुरचुरवतं, मळमळ आणतं. दाट द्रावण असेल तर अन्ननलिका भाजू शकतं. बीटाडीनमध्ये आयोडीन. गुळण्यांच्या बीटाडीनचा एखादा घोट गिळला गेला तर निरोगी मोठ्या माणसाला त्याने सहसा काही होत नाही. थायरॉइडचा त्रास असलेल्यांनी, गरोदर बायकांनी आणि तान्ह्या मुलांच्या बाबतीत मात्र विचारून घेतलेलं बरं.

हायड्रोजन पेरॉक्साइडची गंमत वेगळी. केमिस्टकडच्या बाटलीवर अनेकदा ‘२० व्हॉल्यूम’ असं छापलेलं असतं. त्याचा अर्थ एक मिली द्रवातून वीस मिली ऑक्सिजन सुटतो. मोठा माणूस त्याचा एक घोट प्यायला तर पोटात चारशे मिली वायू तयार होऊ शकतो. पोट तट्ट फुगतं, फेसाळ उलटी होते. घरगुती ताकदीचा थोडा द्रव प्यायल्यावर बहुतेक वेळा एवढ्यावरच निभावतं; पण त्याहून तीव्र द्रावणातला वायू रक्तवाहिन्यांत शिरून मेंदूपर्यंत गेल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. पोटॅशियम परमँगनेटचं पाणी फिकट गुलाबी असेपर्यंत निरुपद्रवी, त्याचे कोरडे दाणे जिभेवर पडले तर मात्र भाजतात. आणि फिनेल. पांढरं, काळं, सुगंधी, बिनलेबलचं. यांपैकी दारावर येणाऱ्या विक्रेत्याच्या कॅनमधून कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत ओतून घेतलेल्या फिनेलमध्ये नेमकं काय आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येणार नाही, आणि रुग्णालयात डॉक्टरांची सगळ्यांत जास्त पंचाईत होते ती इथेच.

बाटलीचा मुद्दा फार जुना आहे. जोसेफ लिस्टर या शल्यचिकित्सकाने १८६५मध्ये ग्लासगोत एका मुलाच्या मोडलेल्या पायाच्या जखमेवर कार्बोलिक ॲसिड वापरलं आणि जंतुनाशकांचं युग सुरू झालं. थोड्याच वर्षांत ते द्रव्य इंग्लंडच्या घराघरांत शिरलं आणि त्याबरोबर चुकून किंवा जाणूनबुजून ते पिणारेही वाढले. मेणबत्तीच्या उजेडात औषधाची बाटली कोणती आणि विषाची कोणती हे कळावं म्हणून तिथले औषधविक्रेते विषारी द्रव गडद निळ्या किंवा हिरव्या, कंगोरे असलेल्या बाटल्यांत देऊ लागले. डोळ्यांना नाही तर निदान बोटांना तरी कळावं, हा हेतू. दीडशे वर्षांनी आपण उलट्या दिशेने गेलो आहोत. कोविडच्या काळात तर सॅनिटायझर पाण्यासारख्या पारदर्शक बाटल्यांत, फळांचे वास आणि गुलाबी-हिरवे रंग घालून विकलं गेलं.

डेटॉलची आणखी एक खोडी आहे. बाटलीत ते मधासारखं सोनेरी आणि स्वच्छ दिसतं, पण पाण्यात पडताच दुधाळ होतं. अल्कोहोलच्या आधाराने विरघळून राहिलेली तेलकट द्रव्यं पाणी वाढलं की सूक्ष्म थेंब होऊन सुटी होतात, आणि त्या थेंबांवर उजेड विखुरतो. स्टीलच्या पेल्यात जखम धुवायला कालवून ठेवलेलं हे पाणी पातळ ताकासारखं दिसतं. वास येतोच की, असं कुणी म्हणेल. दोन वर्षांच्या मुलाला त्या वासाचं काही वाटत नाही. सत्तरी-ऐंशीच्या माणसाची वास घेण्याची शक्ती मंदावलेली असते, आणि डिमेन्शिया असेल तर हातात आलेलं सगळंच पिण्याचं वाटू शकतं. चुकून पिणाऱ्यांत लहान मुलांच्या जोडीला घरातले म्हातारे असतात, हे आपल्या लक्षात येत नाही. मुलासाठी बाटली उंच फळीवर जाते. आजोबांच्या हाताला ती फळी बरोबर लागते.

आता त्या मिठाच्या पाण्याकडे येऊ. पोटात नको ते गेलं की ते ओकून काढायचं, हा विचार इतका सरळ आहे की डॉक्टरांनाही तो सोडायला फार वर्षं लागली. अमेरिकेत ‘इपिकॅक’ या दक्षिण अमेरिकी वनस्पतीच्या मुळाचं, उलटी करवणारं सिरप १९६०च्या दशकापासून विनाचिठ्ठी मिळत होतं, आणि लहान मूल असलेल्या प्रत्येक घरात त्याची बाटली असावी असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला होता. २००३मध्ये त्याच बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितलं की ही बाटली घरात ठेवू नका, असेल तर टाकून द्या. उलटी करवल्याने रुग्णांना फायदा झाल्याचा पुरावा मिळत नव्हता आणि तोट्याची उदाहरणं समोर होती.

जंतुनाशकांत तोटा अधिक, कारण त्यांत साबण आहे, तेल आहे. पोटात असेपर्यंत ती बहुतेक वेळा जळजळ आणि मळमळ यांवर थांबतात. उलटीबरोबर वर आली की त्यांचा फेस होतो, आणि त्यातला थोडासा जरी श्वासनलिकेत उतरला तरी फुप्फुसांना रासायनिक सूज येते. जठराचं अस्तर जे सोसतं ते फुप्फुसाच्या नाजूक पडद्याला सोसत नाही. १९९०च्या दशकात हाँगकाँगमधल्या डॉक्टरांनी डेटॉल प्यायलेल्या रुग्णांच्या नोंदी अभ्यासल्या. तिथे डेटॉल पिऊन रुग्णालयात येणाऱ्यांची संख्या बरीच होती. बहुतेकांना घशाची आग, उलट्या, गुंगी एवढाच त्रास झाला होता. ज्यांची प्रकृती खरोखर बिघडली त्यांच्यात मुख्य कारण पोटातला द्रव फुप्फुसांत जाणं हे निघालं, आणि नळी घालून पोट धुण्याने हा धोका वाढत असावा असंही त्या डॉक्टरांनी नोंदवलं. रुग्णालयातल्या तयार हातांनी केलेल्या उपायाची ही कथा. मग स्वयंपाकघरात घाबरलेल्या आईने घशात घातलेल्या बोटांचं काय सांगावं.

मीठ तर स्वतःच विष होऊ शकतं. मोठा चमचाभर मीठ म्हणजे पंधरा-अठरा ग्रॅम. मोठ्या माणसाने दिवसभरात पाच ग्रॅमच्या आत मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. ते पाणी प्यायल्यावर उलटी झाली नाही तर रक्तातलं सोडियम एकदम वाढतं आणि मेंदूवर परिणाम होतो. उलटीसाठी दिलेल्या मिठानेच माणसं दगावल्याच्या नोंदी आहेत. ॲसिड प्यायलंय म्हणून खायचा सोडा किंवा अल्कली प्यायलंय म्हणून लिंबू, हेही घरी करून पाहायचे प्रयोग नव्हेत. दुधाबद्दल घरोघरी ठाम मतं असतात. माणूस पूर्ण शुद्धीवर असेल, नीट गिळत असेल, खोकला किंवा उलटी चालू नसेल, तर घसा धुऊन निघण्यापुरते पाण्याचे किंवा दुधाचे दोन-चार घोट चालतात. पेलाभर नाही, कारण पोट भरलं की उलटी येते. आणि डांबरगोळी किंवा कापूर खाल्ला असेल तर दूध-तूप मुळीच नको. ही द्रव्यं स्निग्ध पदार्थात विरघळतात आणि रक्तात जास्त वेगाने शिरतात. जी युक्ती एका बाटलीला लागू, ती दुसरीला घातक.

मग करायचं काय? करण्याजोगं थोडंच आहे, आणि ते शांतपणे करता येतं. तोंडात राहिलेला द्रव बाहेर काढायचा, मुलाचं तोंड ओल्या फडक्याने पुसायचं, मोठा असेल तर त्याला चूळ भरायला लावायची. कपड्यांवर, अंगावर सांडलं असेल तर कपडे बदलून अंग धुवायचं, डोळ्यांत गेलं असेल तर पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरायचं. गुंगी असेल तर कुशीवर झोपवायचं म्हणजे आपोआप उलटी झालीच तरी ती घशात अडकणार नाही. मग बाटली हातात घ्यायची, ती किती भरलेली होती आणि आता किती आहे ते पाहायचं, आणि फोन लावायचा.

कुणाला लावायचा हे फार कमी घरांत माहीत असतं. दिल्लीच्या एम्समध्ये, तिथल्या औषधशास्त्र विभागात, १९९५पासून राष्ट्रीय विष माहिती केंद्र चालतं. १८०० ११६ ११७ हा त्यांचा विनाशुल्क क्रमांक, चोवीस तासांचा. ज्या देशात घरटी फिनेल आहे, शेतात कीटकनाशक आहे आणि पावसाळ्यात साप आहे, तिथे हा क्रमांक गॅस सिलिंडरच्या क्रमांकाइतका तोंडपाठ असायला हवा होता. तिथे वय, वजन, बाटलीचं नाव, अंदाजे प्रमाण, किती वाजता प्यायलं आणि आता काय होतंय, एवढं विचारतात. पण श्वास लागला असेल, सतत खोकला येत असेल, तोंडातून लाळ गळत असेल आणि गिळता येत नसेल, आवाज घोगरा झाला असेल, झटके येत असतील किंवा शुद्ध हरपत असेल, तर सल्ल्याची वाट न पाहता १०८ला फोन करायचा. बाटली सोबत न्यायची. ती न्यायला लोक हटकून विसरतात.

रुग्णालयात गेल्यावर ‘उतारा’ मिळेल ही अपेक्षा मात्र सोडून द्यावी. डेटॉलवर, सॅव्हलॉनवर उतारा नाही. डॉक्टर श्वास पाहतात, ऑक्सिजन मोजतात, मुलाची साखर तपासतात, काही तास ठेवून घेतात. अनेक विषांवर उपयोगी पडणारी कोळशाची पूड इथे सहसा देत नाहीत. अल्कोहोल तिला चिकटत नाही, भाजणाऱ्या द्रव्यांवर ती काम करत नाही, आणि उलटीत ती फुप्फुसात गेली तर नवीच कटकट. घसा किंवा अन्ननलिका भाजल्याची शंका असेल तर दुर्बिणीने आत पाहतात. बरेचदा या ‘नुसतं ठेवून घेण्या’वर नातेवाईक नाराज होतात. सलाइन लावलं नाही, पोट धुतलं नाही, मग पैसे कशाचे? फुप्फुसांतली सूज कधी कधी काही तासांनी दिसू लागते, हे त्या ठेवून घेण्यामागचं कारण. घरी सोडल्यावरही दोन दिवसांत ताप, खोकला किंवा धाप लागली तर परत जायचं असतं.

एका बाबतीत मात्र उतारा आहे आणि वेळेला अतोनात किंमत आहे. सॅनिटायझरमध्ये इथिल किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल असायला हवं. स्वस्तातल्या, बनावट मालात कधी कधी मिथेनॉल सापडतं. शरीरात त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं, दृष्टी जाते, जीव जातो. आणि सुरुवातीचे कित्येक तास माणूस ठीकठाक दिसतो. २०२०च्या मे-जून महिन्यांत अमेरिकेच्या ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको राज्यांत मिथेनॉल असलेलं सॅनिटायझर पिऊन पंधरा जणांना विषबाधा झाली, चौघे दगावले. एप्रिल २०२१मध्ये टाळेबंदीत दारू मिळेना म्हणून यवतमाळ जिल्ह्यातल्याच वणी भागात सॅनिटायझर प्यायलेले सात जण मृत्युमुखी पडले. तिथे चुकून कुणी प्यायलं नव्हतं. पण बाटलीवरच्या लेबलवर किती विसंबावं हे सांगायला अमेरिकेतलं उदाहरण पुरेसं आहे. धूसर दिसू लागलं, पोटात कळा आल्या, श्वास जोरजोरात चालू लागला, तर ही शंका डॉक्टरांना बोलून दाखवायची.

शेवटची अडचण वैद्यकीय नाहीच. प्यायलेलं माणूस चौदा वर्षांचं किंवा तिशीचं असेल तर घरचे ‘चुकून’ म्हणतात आणि डॉक्टर ते मुकाट्याने लिहून घेतात, पण दोघांनाही शंका असते. प्रमाण दडवलं जातं, बाटली लपवली जाते, सोबत घेतलेल्या झोपेच्या गोळ्यांचा उल्लेखच होत नाही, आणि उपचार चुकीच्या दिशेने जातो. खरं सांगितलं तर पोलीस येतील, ही भीती त्यामागे असते. नोंद होते, हे खरं. पण परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९मध्येच स्पष्ट केलं आहे की तातडीच्या रुग्णावर आधी उपचार करणं हे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, आणि कागदपत्रं किंवा पोलीस यांसाठी ते थांबवता येत नाही. त्यामुळे केसपेपर लिहिणाऱ्या डॉक्टरला कोपऱ्यात बोलावून खरी बाटली आणि खरं प्रमाण सांगावं. प्यायलेल्या माणसाला नंतर बोलावंसं वाटलं तर त्याला १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक द्यावा; तो विनाशुल्क आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.